जाम झालेला ब्रेक रोटर घरी काढायचा असेल तर घण सगळ्यात शेवटी

कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) निघाला, ब्रॅकेट (कॅलिपर धरणारी चौकट) निघालं, आता रोटर काय, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची ताटली, नुसता हाताने ओढायचा आणि बाजूला ठेवायचा, व्हिडिओत तर दोन सेकंदात बाहेर येतो. आणि इथे ओढा, ढकला, लाथ घाला, ढिम्म हलत नाही. वेल्डिंग करून ठेवलंय की काय असं वाटायला लागतं. तसं काही नसतं, गंज असतो, पण तो गंज नक्की कुठे धरून बसलाय हे माहीत नसेल तर माणूस तासभर चुकीच्या जागी हातोडा मारत बसतो, मी मारलाय म्हणून सांगतो.

आधी रोटर बसतो कसा ते बघा. ताटलीच्या मध्यभागी एक उंच टोपी, असा त्याचा आकार. पॅड घासतात ते ताटलीवर, आणि टोपी बसते हबवर, म्हणजे चाक ज्याला लागतं त्या फिरणाऱ्या भागावर. हबच्या बरोबर मध्यात एक गोल उंचवटा असतो आणि रोटरचं मधलं भोक त्यावर अगदी मापात बसतं, फट म्हणाल तर जवळजवळ नाहीच. त्या नसलेल्या फटीत पाणी मात्र जातं. मग गंज चढतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणजे तो आतल्या आत फुगून पाचर मारल्यासारखा बसतो. दुसरी जागा म्हणजे टोपीची आतली सपाट बाजू, जी हबच्या तोंडाला चिकटून असते. या दोनच जागा, बाकी ताटलीच्या कडेला काहीही अडकलेलं नसतं. त्यामुळे कडेवर घण घातला की जोर गंजापर्यंत पोचतो अर्धामुर्धा आणि उरलेला जातो चाकाच्या बेअरिंगमध्ये, तिथे आतल्या गोळ्यांच्या वाटेवर बारीक खळगे पडले की पुढे गाडी घूंऽऽ असा आवाज करत चालते आणि रोटरच्या कामात बेअरिंगचं काम वाढतं.

आता गाडी उचलायची गोष्ट, थोडक्यात सांगतो पण वगळू नका. जागा सपाट आणि कडक हवी. ज्या टोकाला काम करताय त्याच्या विरुद्ध टोकाच्या चाकांना पुढून मागून ठोकळे लावा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, मग जॅक, आणि जॅकवर भरवसा ठेवून काम करायचं नाही, जॅक स्टँड लावायचाच. या कामात तुम्ही गाडीला हादरे देणार आहात, दणादण ठोकणार आहात, नुसत्या जॅकवरून गाडी घसरायला तेवढं पुरतं. स्टँड लावल्यावर गाडीला हाताने जोरात धक्का देऊन बघा, हलत असेल तर परत नीट लावा. काढलेलं चाक गाडीच्या खाली आडवं सरकवून ठेवायची सवय चांगली. डोळ्यांना चष्मा पाहिजेच, गंजाचे कपचे उडतात ते सरळ डोळ्यात येतात, हातमोजे घाला, आणि ब्रेकची धूळ हवा मारून किंवा फुंकून उडवू नका, जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्यापेक्षा ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसा.

कॅलिपर काढल्यावर तो ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत सोडायचा नाही. तार किंवा दोरी घेऊन स्प्रिंगला बांधून ठेवा. आणि ब्रॅकेट काढायचं विसरू नका, काही जण फक्त कॅलिपर काढतात आणि मग रोटर येत नाही म्हणून ओढत बसतात, अरे तो ब्रॅकेटच्या कचाट्यात आहे. ब्रॅकेटचे बोल्ट मोठे आणि टाइट असतात, लांब दांड्याचा पाना लागेल.

इथून पुढे हातोडा हातात घ्यायच्या आधी तीन गोष्टी तपासायच्या, कारण या तिन्हीत दोष गंजाचा नसतो.

पहिली, स्क्रू. बऱ्याच गाड्यांत रोटर हबला एक किंवा दोन छोट्या चपट्या डोक्याच्या स्क्रूने धरलेला असतो. गंज आणि काळी धूळ बसली की ते स्क्रू दिसतच नाहीत. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा पाऊण तास ठोकलं, घाम गाळला, आणि मग सहज वायर ब्रश फिरवला तर खाली स्क्रू हसत बसलेला. तेव्हापासून ब्रश आधी. हा स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढायला गेलात तर त्याची फुली झिजणार हे लिहून घ्या. हाताने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो, मागून हातोडी मारली की बिट आत दाबलं जातं आणि त्याच वेळी थोडं फिरतं, त्याने बहुतेक स्क्रू सुटतात. तो स्क्रू सोडायच्या दिशेला लावलाय ना ते आधी बघा, उलटा लावून अजून घट्ट करणारे महाभाग आहेत. बिट मापाचंच घ्या, जपानी गाड्यांमधली फुली नेहमीच्या फिलिप्सपेक्षा थोडी वेगळी असते, तिला जेआयएस (जपानी मापाचं) बिट चपखल बसतं, काही युरोपियन गाड्यांत टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) असतो. डोकं झिजलंच तर फार वाईट वाटून घेऊ नका, ड्रिलने डोकं उडवा, रोटर बाहेर आला की उरलेला दांडा पकडीने धरून बऱ्याचदा सहज फिरतो, कारण ताण डोक्यावरच असतो. चाकाचे नट लागले की रोटर तसाही त्यांच्यामुळेच दाबून बसतो, स्क्रू मुख्यतः चाक नसताना रोटर जागेवर राहावा म्हणून असतो.

दुसरी, हँडब्रेक. हे मागच्या चाकांसाठी. काही गाड्यांत मागच्या रोटरची टोपी म्हणजेच आतून एक छोटा ड्रम असतो आणि हँडब्रेकचे लायनर (घासून चाक धरणाऱ्या पट्ट्या) त्याच्या आत बसलेले असतात. हँडब्रेक ओढलेला असेल तर रोटर येणार नाही हे उघड आहे, पण सोडलेला असला तरी येत नाही असं होतं, कारण वर्षानुवर्षं लायनर घासून ड्रमच्या आत खड्डा पडतो आणि कडेला एक धार उरते, लायनर त्या धारेत अडकतात. अशा वेळी रोटर थोडा, दोनचार मिलिमीटर बाहेर येतो आणि मग थांबतो, ही खूण लक्षात ठेवा, गंजाने जाम असेल तर तो अजिबातच हलत नाही. टोपीवर किंवा मागच्या पत्र्यावर रबरी बूच लावलेलं भोक असतं, त्यातून स्क्रू ड्रायव्हर घालून आतलं दातेरी चाक फिरवायचं म्हणजे लायनर आत जातात. कुठल्या दिशेला फिरवायचं ते गाडीगणिक बदलतं, थोडं फिरवून रोटर हाताने फिरवून बघायचा, जड झाला तर उलट दिशा. हँडब्रेक सोडायचा आहे म्हणूनच पुढच्या चाकांना ठोकळे लावलेले हवेत. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये (दुरुस्तीसाठी ब्रेक पूर्ण सोडणारी सेटिंग) टाकावा लागतो, तसं न करता मागच्या कॅलिपरचा पिस्टन दाबायला गेलात तर मोटर बिघडू शकते.

तिसरी, रोटर हबच्या मागून बसवलेला असणं. काही जुन्या डिझाइनमध्ये रोटर हबच्या पाठीमागे बोल्टने लावलेला असतो किंवा हब आणि रोटर एकाच तुकड्यात असतात. तो बाहेरून ठोकून कितीही जन्म घेतले तरी येणार नाही, हब आणि बेअरिंग खोलावं लागतं. मॅन्युअलमध्ये चित्र बघा, किंवा नवा रोटर आणलाच असेल तर तो समोर धरून कसा बसेल ते बघा. तसा असेल तर माझ्या मते घरी करायच्या भानगडीत पडू नका, त्याला बऱ्याचदा प्रेस (जोराने दाबून भाग काढायचं यंत्र) लागतो.

बरं, तिन्ही तपासलं, आता खरा गंज.

गंज सोडवायचा स्प्रे मारा, पण कुठे, तर मधल्या उंचवट्याभोवतीच्या बारीक रेघेत आणि प्रत्येक स्टड (चाकाचे नट ज्यावर बसतात ती आट्यांची दांडी) जिथे रोटरमधून बाहेर येतो त्या भोकांत. ताटलीवर फवारणी करून काही होत नाही. डब्ल्यूडी-४० सगळ्यांच्या घरी असतं, त्याच्या नावाचा अर्थच पाणी हटवणारं, चाळिसावा प्रयत्न असा आहे, तर ते चालतं पण गंजात शिरणारं खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळालं तर फरक पडतो. सगळ्यात मोठा फरक मात्र वेळेचा. मारून लगेच ठोकू नका. अर्धा तास तरी द्या, जमलं तर आदल्या रात्री मारून ठेवा, आणि ज्या बाजूचं चाक अजून उघडलेलं नाही तिथेही आत्ताच मारून ठेवा कारण रोटर जोडीनेच बदलायचे असतात. पॅड परत वापरणार असाल तर ते लांब ठेवा, तेल प्यायलेलं पॅड फेकूनच द्यावं लागतं.

स्प्रे मुरतोय तोवर चाकाचे दोनतीन नट उलट्या तोंडाने स्टडवर चारपाच आटे फिरवून लावून ठेवा, पूर्ण घट्ट नाही. दोन फायदे, चुकून हातोडा स्टडवर बसला तर आटे वाचतात, आणि रोटर अचानक सुटला तर पायावर न पडता नटांवर अडकतो. रोटर जड असतो आणि सुटतो तेव्हा सांगून सुटत नाही.

आता ठोकायचं, पण टोपीवर, स्टड आणि स्टडच्या मध्ये जी जागा असते तिथे. एकेक घाव, मध्यम, आणि प्रत्येक घावानंतर थोडं फिरवून पुढच्या जागेवर, चाकाचे नट जसे आडवे आडवे आवळतो तसं. इथे आत दाबायच्या दिशेनेच मारतोय, मग बाहेर कसा येईल असं वाटतं, पण मुद्दा रोटर ढकलायचा नाहीये, गंजाला तडे पाडायचे आहेत. तडे पडले की स्प्रे आत जातो. आवाजाकडे कान द्या. जाम रोटर ठोकला की आवाज ठक्क असा बसका येतो, सगळं एकच लोखंड असल्यासारखा, आणि सुटायला लागला की आवाज मोकळा होतो, थोडा वाजतो. तो बदल ऐकू आला की समजा झालं. परत स्प्रे, परत दहा मिनिटं, परत ठोका. रोटर परत वापरायचा असेल तर रबरी किंवा लाकडी हातोडा घ्या, बिडाचं लोखंड ठिसूळ असतं, लोखंडी हातोड्याने टोपीला चीर जाऊ शकते.

बऱ्याच रोटरना टोपीवर दोन जास्तीची भोकं असतात, आत आटे पाडलेले, स्टडचीही नाहीत आणि स्क्रूचीही नाहीत. ती मुद्दाम याचसाठी दिलेली असतात. बहुधा एम८ (८ मिलिमीटर जाड), १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) बोल्ट बसतो. आधी आटे साफ करा, बोल्टला तेल लावा, दोन्ही बोल्ट हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग पान्याने एकाला अर्धा फेरा, दुसऱ्याला अर्धा फेरा असं आलटून पालटून. बोल्ट हबवर दाब देतात आणि रोटर सरळ बाहेर येतो. एकच बोल्ट आवळत गेलात तर रोटर तिरका होऊन अजून अडकतो. बोल्ट फार जड झाले तर जबरदस्ती करू नका, तसाच ताण ठेवून टोपीवर दोनतीन घाव घाला, टक् असा आवाज येतो आणि सुटतो. भोकं असतील तर हाच मार्ग पहिला.

भोकं नसतील तर माझी सगळ्यात आवडती युक्ती, घण वगैरेच्या आधी ही करा. ब्रॅकेट काढल्यावर मागे नकलला (हब ज्याला धरून असतो तो जाड भाग) दोन कान राहतात, ज्यांच्या भोकांत ब्रॅकेटचे बोल्ट होते. ही भोकं बऱ्याच गाड्यांत रोटरच्या पाठीच्या बरोबर समोर येतात. भोकातून आरामात जाईल असा लांब, पूर्ण आट्यांचा बोल्ट घ्या, मागच्या बाजूने कानातून आत घाला, आणि कान आणि रोटरच्या मधल्या जागेत त्यावर एक वॉशर आणि नट चढवा. नट कानाला टेकलेला हवा आणि बोल्टचं टोक रोटरच्या पाठीला. आता नट पान्याने धरून ठेवा आणि मागून बोल्टचं डोकं आवळा, बोल्ट नटातून पुढे सरकतो आणि रोटरला पाठीमागून बाहेर ढकलतो. म्हणजे जॅकच झाला तो, आडवा जॅक. जोर हळूहळू वाढवा, ताण बसला की टोपीवर एक घाव, मग बोल्ट सैल करा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून रोटर पाव फेरा फिरवा, परत आवळा. एकाच जागी दाबत राहिलात तर रोटर तिरका होतो म्हणून फिरवणं महत्त्वाचं. कानात आतूनच आटे पाडलेले असतील तर नट लागत नाही, त्याच पिचचा जास्त लांब बोल्ट सरळ फिरवता येतो, पण तिथे बेताने, ते आटे गेले तर ब्रॅकेट कशाला लावणार. आणि रोटर वाचवायचा असेल तर बोल्टच्या टोकासमोर लोखंडी पट्टीचा तुकडा ठेवा, नाहीतर पॅड घासतो तिथेच खड्डा पडेल. मी या युक्तीने जे रोटर काढलेत त्यातले बरेच असे होते की घणाने हाललेसुद्धा नव्हते, आणि बेअरिंगला एक दणका बसला नाही.

तीन पायांचा पुलर (ओढून काढायचं अवजार) असेल तर तोही चालतो, पाय रोटरच्या मागे अडकवायचे आणि मधला स्क्रू हबच्या मध्यावर. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत हबच्या मधून ॲक्सलचं टोक बाहेर आलेलं असतं, पुलरचा स्क्रू थेट त्याच्यावर लावला तर ॲक्सल आत ढकलला जातो किंवा टोकाचे आटे बिघडतात, तर ॲक्सलचा नट काढू नका आणि मध्ये जाड पट्टी ठेवा.

यातलं काहीच चाललं नाही आणि रोटर भंगारातच जाणार असेल तर मग घण. मागच्या बाजूने, कडेवर, बाहेरच्या दिशेने, एक घाव, रोटर थोडा फिरवा, समोरच्या बाजूला दुसरा घाव. एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) वायर आणि सेन्सर कुठे आहे ते आधी बघून ठेवा आणि मागच्या पत्र्यावर घाव बसू देऊ नका, तो वाकला की नंतर रोटरला घासून करकरतो. पंधरावीस घावांत काही झालं नाही तर थांबा, याच्या पुढे गाडीचंच नुकसान.

गॅसच्या टॉर्चने, म्हणजे ज्योतीने, गरम करणं हा उपाय सगळे सांगतात, काम होतं, टोपी गरम होऊन फुगते आणि गंजाची पकड सुटते, पण घरात हे करायला माझं मन तयार होत नाही. स्प्रे पेट घेतो, ब्रेक ऑइल पेट घेतं, बेअरिंगचं ग्रीस आणि सील, एबीएस सेन्सर जवळच असतात. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, क्लोरीन असलेलं ब्रेक क्लीनर मारलेल्या जागेवर ज्योत लावली तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो, थोडासा सुद्धा जिवावर बेतू शकतो. ग्राइंडरच्या बाबतीत मात्र मी थोडा मोकळा आहे. टोपीला स्टडच्या मधून मध्याकडे जाणारी एक चीर पाडायची, खालचा हब दिसायच्या थोडं आधी थांबायचं, आणि चिरेत छिन्नी घालून एक घाव, की बीड तडकतं आणि पकड संपते. ठिणग्या उडतात, ज्वलनशील स्प्रे आणि फडकी आधी लांब करा, तेल लागलेली जागा पुसून घ्या.

रोटर निघाला की लोक खुशीत नवा लावून मोकळे होतात आणि इथेच चुकतात. हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशने, पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, स्टडच्या मुळाशी आणि उंचवट्याभोवती जास्त वेळ द्या, बोट फिरवलं तर काही लागता कामा नये. मग उंचवट्यावर आणि तोंडावर अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं मलम) किंवा कॉपर ग्रीसचा अगदी पातळ हात, पुसून टाकल्यासारखा, म्हणजे पुढच्या वेळी हीच कसरत नाही. स्टडच्या आट्यांना लावू नका, नट मापापेक्षा जास्त आवळले जातात. नव्या रोटरवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी धुवा. जुनाच लावणार असाल तर त्याच्यावर कमीत कमी जाडी कोरलेली असते, मोजून बघा, त्याच्या खाली असेल तर नाही म्हणजे नाही.

पिस्टन मागे दाबताना ब्रेक ऑइलच्या डब्याचं झाकण उघडून लक्ष ठेवा, भरून वाहिलं तर रंग खातं. काही गाड्यांत मागचा पिस्टन दाबून जात नाही, फिरवत दाबावा लागतो. ब्रॅकेटचे बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या जोराचं माप) आवळा, आणि गाडी हलवायच्या आधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पंप करा, पहिली दोनतीन दाबणी पेडल जमिनीला टेकतं, ते रस्त्यावर कळायला नको. मग मोकळ्या रस्त्यावर साधारण ६० च्या वेगातून १५-२० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहाएक वेळा मध्यम ब्रेक मारून पॅड बसवून घ्या. ५० ते १०० किलोमीटर झाले की चाकाचे नट परत एकदा टॉर्कला तपासा, हबवरचा राहिलेला गंज दबला की ते किंचित सैल पडतात.

आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक मारताना पेडल थरथरायला लागलं तर लगेच रोटर वाकडा निघाला म्हणून परत करायला पळू नका. आधी चाक काढा, रोटर काढा, हबचं तोंड बघा. रोटरचा हेलकावा (फिरताना तो जितका आतबाहेर डोलतो ते) साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आत चालतो, आणि टोपीच्या मागे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी कडेला हेलकावा त्याच्या पुढे जातो.